अकरा चौकोन

शेडमध्ये एक नियम होता आणि तो दादांच्या वडिलांपासून चालत आला होता. बोटीचं अंग तयार झालं की त्यावर आतून-बाहेरून पेन्सिलीने वीत-वीत अंतरावर आडव्या-उभ्या रेघा मारायच्या. मग एक जुनं, जाड नाणं चिमटीत धरून प्रत्येक चौकोन तीनदा ठोकायचा. कोरडा, खणखणीत आवाज आला तर आतले थर एकजीव झालेत असं समजायचं. ओल्या पुठ्ठ्यावर टिचकी मारल्यासारखा बसका आवाज आला तर आत पोकळी आहे. तेवढा भाग कापायचा आणि पुन्हा करायचा. आवाज चांगला असेल तर चौकोनात बरोबरची बारीक खूण करून पुढे सरकायचं.

एका बोटीचे अडीच हजारांवर चौकोन होत. बाहेरच्या खुणा रंगाखाली जात. पण आत, कपाटांच्या मागे आणि पुढच्या अंधाऱ्या टोकात, रंग देत नसत. रंगालाही वजन असतं आणि या बोटी वेगासाठी बनवलेल्या. तिथल्या खुणा मात्र बोट असेपर्यंत राहत.

"ज्याने कापड बसवलं त्यानेच ठोकायचं," वडील म्हणत. "दुसऱ्याला पाठवाल तर तो चहाची वेळ बघून खुणा करेल."

दादा आता त्रेसष्ट वर्षांचे होते. कापड बसवण्याचं काम ते चाळीस वर्षं करत आले होते. बोटी आखायचं आणि चालवून बघायचं काम त्यांच्या धाकट्या बहिणीचं. तीही सत्तावन्नची झाली होती, केस पिकले होते, पण दादा तिला ‘छोटी’ म्हणत म्हणून सगळी शेड तिला ‘छोटीताई’ म्हणायची. नवीन गिऱ्हाईक ‘छोटीताई कुठे भेटतील?’ असं विचारत आलं आणि समोर पांढऱ्या केसांची, हातात भलामोठा कर्कटक घेतलेली बाई उभी राहिली, की त्याची जी तारांबळ उडे ती बघायला कामगार हातातलं काम टाकून येत.

दादांचा कान प्रसिद्ध होता. बोटीच्या कामात कानाचं काय, असं कोणालाही वाटेल, म्हणून ते सांगायला हवं. या बोटींचं अंग लाकडाचं नसतं. मध्ये हलक्या फोमचा जाड थर असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना रेझिनमध्ये, म्हणजे वाळल्यावर घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात, भिजवलेलं कार्बनचं काळं कापड. ओलं कापड फोमवर बसवलं की त्यावर प्लॅस्टिकची मोठी चादर घालायची, तिच्या कडा चिकट पट्टीने बंद करायच्या आणि पंपाने आतली हवा ओढून घ्यायची. आतली हवा गेली की बाहेरची हवा त्या चादरीला सगळीकडून दाबते आणि रेझिन वाळेपर्यंत कापड फोमला घट्ट धरून ठेवते. कुठे बारीकशी गळती राहिली तर तिथून अगदी हलकी शीळ येते. ती कानाने शोधायची आणि त्या जागची पट्टी अंगठ्याने दाबायची. सुईच्या टोकाएवढ्या भोकाची शीळ दादांना शेडच्या दुसऱ्या दारातून ऐकू येई. "त्या कोपऱ्यात बघ, खालच्या बाजूला," ते चहाचा पेला न ठेवता सांगत, आणि भोक तिथेच सापडे.

पण त्याच शेडमध्ये चाळीस वर्षं ग्राइंडरही चालत आले होते. दोन वर्षांपासून दादांना ती शीळ ऐकू येत नव्हती. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. मशीन बंद असताना ते लोकांच्या ओठांकडे बघून बोलत, आणि मशीन चालू असताना तर कोणालाच काही ऐकू येत नसे, त्यामुळे ते झाकून गेलं.

या वेळची बोट एका दातांच्या डॉक्टरीणबाईंची होती. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा, मुलगी नऊ वर्षांची. चार वर्षं तिघांचा एकच बेत चालला होता: राहतं घर सोडायचं, बोटीवर राहायचं आणि मोठा समुद्र ओलांडायचा. घर त्यांनी सोडलंही होतं. एका दुकानाच्या वरच्या भाड्याच्या खोलीत ते खोक्यांच्या मधोमध झोपत होते. वादळांचे महिने सुरू व्हायच्या आत निघायला हवं होतं. ते साधलं नाही तर पुढे पाच महिने थांबणं आलं.

मुलगी शेडमध्ये आली की प्रश्नांची सरबत्ती सुरू होई.

"आजोबा, सगळ्यांच्या बोटीला एकच बोट असते. आमच्या बोटीला दोन बोटी का?"

दादांनी घमेल्यात पाणी भरलं. बुचाची एक रिकामी बाटली त्यात आडवी टाकली. "हिला बोटाने ढकल."

तिने ढकलली. बाटली गर्रकन गोल फिरली.

"तू हिच्यावर बसली असतीस तर?"

"पडले असते."

दादांनी दुसरी बाटली घेतली, दोघींच्या पाठीवर एक फूटपट्टी आडवी ठेवली आणि रबर बँडने बांधली. "आता फिरवून दाखव."

तिने खूप प्रयत्न केला. पाणी दादांच्या विजारीवर उडालं, पण बाटल्या काही उलटल्या नाहीत. "ही एक बाटली म्हणजे एक हल," दादा म्हणाले. "डावा हल, उजवा हल. दोन्ही बारीक, म्हणून पाणी कापत जातात. आणि एकमेकांचा हात धरलाय, म्हणून पडत नाहीत."

मुलीने जरा विचार केला. "फूटपट्टी मोडली तर?"

तिचे बाबा हसले. दादा हसले नाहीत. "बरोबर विचारलंस. फूटपट्टीला आम्ही तुळई म्हणतो. आणि तुळई हलला जिथे मिळते ना, तिथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो."

"माझी झोपायची जागा कुठे आहे?"

"उजव्या हलमध्ये. बरोब्बर तिथेच."

ते खरं होतं. तिच्या पलंगाच्या उशाला एक कपाट होतं आणि कपाटाच्या मागे ती जागा.

त्या जागेवरचं आतलं कापड दादांनी एका सुट्टीच्या दिवशी बसवलं. दोघे कामगार अर्धा दिवस मदतीला आले, चादर बंद करून झाल्यावर जेवायला घरी गेले. पंप चालू होता. दादांनी दाब दाखवणाऱ्या गेजकडे बघितलं. काटा दोन रेघा खाली उतरला होता. म्हणजे कुठेतरी गळती होती.

त्यांनी कान लावला. चादरीच्या कडेकडेने, गुडघ्यांवर रांगत, ते पूर्ण फेरी फिरले. एक आवाज त्यांना सतत येत होता, पण तो दोन वर्षं रोज येणारा, डोक्याच्या आतला. मग तळहात फिरवून बघितला. मग सगळी पट्टी अंगठ्याने पुन्हा दाबली, इंच न् इंच. काटा एक रेघ वर आला आणि थांबला.

छोटीला फोन केला असता तर ती पंधरा मिनिटांत आली असती. ‘दादा, तुला ऐकू येत नाही?’ असं तिने विचारलं असतं. दादांनी फोन केला नाही. रेझिन घट्ट व्हायला लागलं होतं. एका रेघेने काय होतंय, असं ते स्वतःशी म्हणाले. चाळीस वर्षांत दुसऱ्या कोणी असं म्हटलेलं त्यांनी खपवून घेतलं नसतं.

चार दिवसांनी त्यांनी नाणं घेऊन त्या जागेवर ठोकलं. एक चौकोन, दुसरा, तिसरा. सगळ्यांचा आवाज त्यांना सारखाच वाटला. सारखा म्हणजे चांगला, असं त्यांनी धरलं आणि खुणा केल्या.

बोट पाण्यात उतरली. पहिल्या आठ दिवसांत शिडं, दोर, सुकाणू सगळं बघून झालं. नवव्या दिवशी चांगला वारा सुटला आणि छोटीने सगळ्यांना घेऊन बोट बाहेर काढली. डॉक्टरीणबाई दोरांवर, त्यांचे यजमान नकाशावर, मुलगी खाली आपल्या पलंगावर पुस्तक घेऊन. दादा मागे बसले होते. वारा बाजूने आला, बोट एकदा दबली आणि मग पळायलाच लागली. ताशी चौदा सागरी मैलांचा वेग. एवढ्या वेगातही डॉक्टरीणबाईंचा चहाचा कप टेबलावर जागचा हलला नाही. यजमान लहान मुलासारखे ओरडत होते.

छोटीने मान तिरकी केली. दादांना ती मान ओळखीची होती. लहानपणी आई हाक मारते आहे का, हे ती अशीच ऐकायची.

"दादा, पुढे उजवीकडे काहीतरी वाजतंय. लाट आली की एकदा, टक्. बघतोस?"

दादा खाली उतरले. मुलगी पोटावर पडून वाचत होती.

"आजोबा, तुम्हीपण ऐकायला आलात? मला आवडतो हा आवाज," ती म्हणाली. "घड्याळासारखा आहे. मला इथे मस्त झोप लागेल."

दादांनी तिच्या उशाचं कपाट उघडलं, हात आत घातला आणि तळवा मागच्या भिंतीवर टेकवला. कानाला काहीच कळलं नाही, पण हाताला कळलं. लाट आली की तळव्याखाली भिंत किंचित उचलली जायची आणि परत बसायची. पातळ कापडाखाली कोणीतरी श्वास घेत असावं, तशी. बोटांच्या मधून त्यांना पेन्सिलीच्या खुणा दिसत होत्या. एकसारख्या, नीट, त्यांच्याच हाताच्या.

ते वर आले.

"काय आहे?" छोटीने विचारलं.

"कपाटात डबा सुटलाय. आपटतोय."

"बरं," ती म्हणाली आणि पुन्हा शिडाकडे बघायला लागली. दादा सांगतात म्हटल्यावर तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही. चाळीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी जेवताना दादा घासाशी खेळत बसले. बायको समोर बसली होती.

"मला ऐकू येत नाही," ते म्हणाले.

"अहो, हे तुम्ही मला सांगताय? दारावरची घंटा वाजली की तुम्ही माझ्या तोंडाकडे बघता, आणि मी उठले की मग उठता."

"तुला माहीत होतं?"

"माहीत नसायला मी काय बहिरी आहे?" तिने म्हटलं आणि लगेच ओठ दाबले. थोड्या वेळाने तिने त्यांच्या ताटात भाजी वाढली. "छोटीला सांगितलंत?"

दादांनी मान हलवली. नाही. मग एकेक करून सगळं सांगितलं. सुट्टीचा दिवस, दोन रेघा, कपाट, घड्याळ. शेवटी बायको म्हणाली, "मग मला कशाला सांगताय? मी काय त्या बोटीतून जाणार आहे?"

सकाळी छोटी आराखड्यांच्या खोलीत होती. दाराकडे पाठ करून टेबलावरचा कागद सरळ करत होती. दादा दारात उभे राहिले. तिचे खांदे बोलत असल्यासारखे हलले. मग ती थांबली. मग पुन्हा हलले. शेवटी ती वळली.

"अरे, दोनदा विचारलं, चहा घेणार का? लक्ष कुठे आहे?"

"तू पाठ करून बोललीस की मला काही कळत नाही," दादा म्हणाले. "समोरून बोललीस तर तोंड बघून कळतं."

छोटीने हातातली पट्टी खाली ठेवली. ती हुशार होती, तिला पुढचं सांगावं लागलं नाही. तिच्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट पुढे सरकताना दादांना दिसत होती.

"किती दिवस?"

"दोन वर्षं. थोडं जास्तच असेल."

"म्हणजे निळी बोटसुद्धा." मागची बोट निळी होती आणि दीड वर्षापूर्वी दूरच्या बंदरात गेली होती.

"तेव्हा अर्धंमुर्धं येत होतं. पण हो. तीसुद्धा."

"आणि काल? काल डबा होता ना रे?"

"डबा नव्हता."

छोटी खुर्चीवर बसली. ती ओरडेल असं दादांना वाटलं होतं, पण ती इतक्या हळू बोलली की त्यांना पुढे वाकून तिच्या तोंडाकडे बघावं लागलं. "काल मी चार माणसांना घेऊन चौदाच्या वेगाने जात होते, दादा. तू आवाज बघून आलास आणि मला डबा सांगितलास."

"हो."

"का नाही सांगितलंस मला? आधीच?"

"तू मला घरी बसवलं असतंस."

"ठोकायच्या कामावरून काढलंच असतं!" आता तिचा आवाज चढला असावा, कारण बाहेरचा सुतार दारातून डोकावून गेला. "त्यात काय मोठं होतं? हातांना काय झालंय तुझ्या? कापड तूच घातलं असतंस, ठोकलं मी असतं."

"ज्याने घातलं त्यानेच..."

"बाबांना चष्मा लागला तेव्हा आकडे मी वाचायचे. विसरलास? त्यांनी मला बाजूला बसवलं होतं आणि सगळ्या शेडला सांगितलं होतं, मला दिसत नाही म्हणून."

दादा विसरले नव्हते. ते दिवस त्यांना वेगळेच आठवत होते. लोक बाबांची थट्टा करायचे, आणि ही वेळ आपल्यावर कधी येऊ द्यायची नाही असं त्यांनी तेव्हाच ठरवलं होतं.

निळ्या बोटीच्या मालकाला पत्र दादांनीच लिहिलं. छोटीने ते वाचलं आणि एकही शब्द न बदलता पाठवून दिलं. मग दोघं डॉक्टरीणबाईंच्या खोलीवर गेली.

खोलीत बसायला जागा नव्हती, म्हणून सगळे खोक्यांवर बसले. मुलगी शाळेत गेली होती. तिच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘पलंगाशेजारी’ लिहिलं होतं. दादांनी छोटीला मध्ये बोलू दिलं नाही. सगळं त्यांनीच सांगितलं.

यजमान उभे राहिले. "माझी पोर तिथे डोकं ठेवून झोपणार होती! तुमच्या त्या खुणांचे फोटो काढून मी माझ्या आईला पाठवलेत. बघ म्हटलं, किती काळजीने करतात लोक!"

दादा खाली बघत राहिले. त्यांना सगळे शब्द कळले नाहीत, पण फोटो हा शब्द कळला.

डॉक्टरीणबाईंनी दादांच्या गुडघ्यावर बोट टेकवलं, म्हणजे त्यांनी वर बघावं म्हणून. पेशंटशी बोलावं तसं त्या सावकाश, तोंड उघडून बोलल्या.

"काल तुम्ही तिच्या कपाटात हात घातलात. तेव्हा कळलं होतं?"

"हो."

"आणि तुम्ही आज सांगायला आलात. जायला आठ दिवस असताना. आठ दिवसांनी सांगितलं असतंत तर?"

दादांनी खिशातलं नाणं काढून खोक्यावर ठेवलं.

"मी रोज दात ठोकून बघते," त्या म्हणाल्या. "हाडाला चिकटून बसलेला दात वेगळाच वाजतो. ते ऐकायला मला दोन वर्षं लागली होती. तुमचं नाणं मला द्या. ठोकायचं काम मी करते. दुरुस्ती तुम्ही करा."

"यांच्याकडूनच? पुन्हा?" यजमान म्हणाले.

"चूक कुठे आणि कशी झाली, ते यांच्याइतकं कोणाला माहीत आहे?" त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडे न बघता, "शाळेला कळव. आपण पाच महिने इथेच आहोत."

क्रेनने बोट वर काढली. पहिल्या दिवशी दादांनी डॉक्टरीणबाईंना एका भंगारातल्या तुकड्यावर शिकवलं. नाणं घट्ट धरायचं नाही, दोन बोटांत सैल लोंबू द्यायचं. मनगटाने मारायचं, कोपराने नाही. आवाज ऐकायच्या आधी पुढचं ठोकायचं नाही. तुकड्यात त्यांनी मुद्दाम एक पोकळी ठेवली होती. बाईंनी ती तिसऱ्या फेरीत शोधली आणि त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर हसू आलं. मग काय शोधतोय ते आठवून ते गेलं.

पाच दिवस त्या ठोकत होत्या. दादा मागे दिवा धरून उभे राहत. आत दादांच्या काळ्या खुणेशेजारी, बाहेर रंगावरच, त्या लाल पेन्सिलीने आपली खूण करत. हजार, दोन हजार. सगळ्या चांगल्या. उजव्या हलमध्ये मुलीच्या कपाटामागे त्या आडव्या शिरल्या तेव्हा दादांना फक्त त्यांचे पाय दिसत होते. लाल पेन्सिल आत थांबली. मग बऱ्याच वेळाने बाई बाहेर आल्या आणि त्यांनी दोन्ही हातांची बोटं दाखवली, आणि वर एक.

अकरा.

छोटीने तिथलं कापड कापलं. चांगलं चिकटलेलं कापड ओढलं की फोमचे लचके घेऊन निघतं. हे उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखं अलगद हातात आलं. खालचा फोम जसा बसवला होता तसाच कोरा होता. त्यावर रेझिनचा डागही धड नव्हता. यजमानांनी तो तुकडा हातात घेतला, दोन्ही बाजूंनी बघितला आणि दादांच्या हातात दिला. दादांनी तो तुकडा वाकवून बघितला. त्यावर त्यांच्या अकरा खुणा होत्या.

त्याच संध्याकाळी निळ्या बोटीच्या मालकाचा फोन आला. त्याने बोट किनाऱ्यावर घेऊन दोन माणसांकडून ठोकून घेतली होती. सगळीकडे आवाज खणखणीत होता. त्याने छोटीला चार गोष्टी सुनावल्या असाव्यात, कारण फोन कानाला लावून छोटी बराच वेळ ‘हो, बरोबर आहे तुमचं’ एवढंच म्हणत होती. मग फोन ठेवून ती दादांकडे वळली आणि अंगठा वर केला.

दुरुस्तीच्या दिवशी शेडमध्ये दोघंच होती. बाकीच्यांना छोटीने मुद्दाम बाहेर काढलं, शांतता हवी म्हणून. दादांनी फोम घासला, रेझिन लावलं, कापड बसवलं. सुरकुती दिसेल म्हणून छोटी बघत होती, पण दादांच्या हाताखाली सुरकुती राहत नसे. चादर घातली, पट्टी दाबली, पंप लावला. काटा वर चढला, थांबला, आणि मग हळूच एक रेघ खाली आला.

छोटी आत सरकली आणि चादरीच्या कडेला कान टेकवला. दादा गेजपाशी उभे राहिले. दोघांच्या मध्ये मुलीचा पलंग होता. छोटी एकेक इंच सरकत होती, डोळे मिटून. मध्येच ती थांबली, परत मागे आली आणि एक बोट ठेवलं. दादा वाकले आणि तिच्या बोटाच्या जागी आपला अंगठा ठेवून दाबला. मग मागे वळून काट्याकडे बघितलं. तो वर चढत होता.

"अजून आहे," छोटी म्हणाली, त्यांच्याकडे तोंड करून. "खालच्या कोपऱ्यात. ऐकू..." ती थांबली.

"सांग, सांग," दादा म्हणाले. "कुठे?"

तीन ठिकाणी गळती होती. त्या सुट्टीच्या दिवशी दादा अशाच जागांवरून हात फिरवून गेले असतील. आता काटा शेवटच्या रेघेवर जाऊन थांबला. दोघं खोक्यांवर बसली आणि रेझिन वाळेपर्यंत काटा बघत राहिली. चहासुद्धा आळीपाळीने घेतला.

पाच दिवसांनी डॉक्टरीणबाई नाणं घेऊन आल्या. बरोबर यजमान होते, आणि मुलगी. तिने आपल्या पलंगावर कोणी चढायचं नाही अशी ताकीद दिली आणि मग स्वतःच उठून जागा केली. बाई कपाटामागे शिरल्या. ठोका, थांबणं. ठोका, थांबणं. पेन्सिल हलली. एक, दोन, तीन. दादा बाईंच्या मनगटाकडे बघत होते. सहा. सात. मुलगी बोटांवर मोजत होती. दहा.

अकराव्या चौकोनावर बाईंनी तीनदा ठोकलं. पेन्सिल उचलली आणि थांबल्या. परत ठोकलं. शेजारचा ठोकला, परत हा ठोकला. मग त्या बाहेर आल्या, गुडघ्यांवर बसल्या.

"नीट कळत नाही मला," त्या म्हणाल्या. "वाईट नाही. पण इतरांसारखा नाहीये. थोडा... मला नाही सांगता येत. कदाचित कापडाचा जोड तिथे आहे म्हणून असेल."

"जोड तिथेच आहे," छोटी म्हणाली.

"मग झालं तर!" यजमान म्हणाले. "दहा चांगले आलेत. अगं, आपण बाहेर असताना काय तू एका चौकोनाचा विचार करत बसणार आहेस?"

बाईंनी दादांकडे बघितलं. दादा आत वाकले आणि त्या चौकोनावर तळवा टेकवला. भिंत टणक होती. दुसऱ्या हाताने ठोकून बघितलं. चाळीस वर्षं कापड बसवलेल्या त्या तळव्याला वाटलं की चौकोन ठीक आहे. जोडाची दुहेरी घडी तिथे येते, म्हणून आवाज बदलला असणार. ते त्यांनी सांगितलं असतं तर सगळ्यांनी मानलं असतं. बाईंनीसुद्धा.

त्यांनी हात काढून घेतला.

"तुम्हाला खात्री आहे का?" त्यांनी बाईंना विचारलं.

"नाही."

"मग खूण करायची नाही."

मुलीने त्यांच्या बाहीला धरून ओढलं आणि ते वळल्यावर त्यांच्या तोंडासमोर, स्पष्ट, तोंड उघडून विचारलं, "पण आजोबा, कदाचित तो चांगला असेल ना?"

"असेल," दादा म्हणाले. "बहुतेक चांगलाच असेल."

त्यांनी बाईंकडून लाल पेन्सिल घेतली, त्या चौकोनाभोवती गोल काढला आणि पेन्सिल परत दिली. मग खुंटीवरचा मास्क काढून तोंडावर ओढला, सगळ्यांना बाहेर जायची खूण केली आणि ग्राइंडर उचलला.